वाकड्या कोनाला महागडा क्लॅम्प नको, पेपरात तीन त्रिकोण छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी लाकडी मखर करण्यावर लेख आला होता, तो मनापासून आवडला. 2018 ला राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून लाकडाकडे लोक पुन्हा वळायला लागलेत आणि पेपरनं त्याला जागा दिली हे फार बरं केलं. पण त्यात एक वाक्य असं होतं की अष्टकोनी किंवा षटकोनी चौकट करायची तर त्यासाठी खास कोनाचे परदेशी क्लॅम्प, म्हणजे जोड दाबून धरायचे शिकंजे, लागतात, ते महाग पडतात, म्हणून नवशिक्यांनी सरळ चौकोनी मखर करावं. हे मला अजिबात पटलं नाही आणि म्हणूनच हे पत्र लिहितोय, जरा लांबेल, पण सगळं छापलंत तर बरं होईल कारण अर्धवट सांगून लोकांचं लाकूड वाया जातं.

माझी सगळी नोकरी पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर म्हणून झाली. लोखंडात काम केलं पण हात मोकळे झाल्यापासून लाकडातच असतो. कारखान्यात आम्हाला पहिली गोष्ट शिकवली ती ही की जॉब, म्हणजे हातातला कामाचा तुकडा, वाकडा आहे म्हणून मशीन वाकडं करायचं नाही, जॉबखाली असं काहीतरी बसवायचं की मशीनला तो सरळच वाटला पाहिजे. व्ही ब्लॉक काय, अँगल प्लेट काय, सगळं त्यासाठीच. लाकडातही तेच आहे हो. कुठलाही साधा सी क्लॅम्प घ्या, त्याला फक्त समोरासमोर दोन समांतर तोंडं पाहिजेत, बाकी त्याला काही नको. मग कोन 90 चा असो, 108 चा असो नाहीतर 135 चा, आपण त्याला समांतर तोंडं करून दिली की काम झालं. यासाठी जे लागतं ते म्हणजे प्लायचा एक तुकडा, लाकडाचे चार ठोकळे आणि पाचरीची एक जोडी.

आधी अडचण कुठे येते ते सांगतो. दोन पट्ट्या तिरक्या कापून टोकाला टोक जोडायच्या असल्या की बाहेरच्या कडा एकमेकींना समांतर नसतात, त्यामुळे क्लॅम्प लावला की तो उतारावरून घसरतो. आणि पांढरा गोंद, म्हणजे आपला फेविकॉल, लावल्या लावल्या धरत नाही, उलट सुरुवातीला ओल्या साबणासारखा सटकतो. दाब जरा जरी तिरका पडला की एक पट्टी वर सरकते एक खाली, आपण हातानं धरून बसतो, हात दुखले की सोडतो, आणि सकाळी बघावं तर सांधा एका बाजूनं उघडा. दाब सांध्याच्या रेघेला बरोबर काटकोनात आणि तोही सांध्याच्या मध्यावर पडला पाहिजे, सगळी गोम एवढीच आहे.

आता माप. हिशोब अगदी सोपा आहे, 180 ला बाजूंच्या संख्येनं भागायचं, जे येईल तेवढा प्रत्येक टोकाचा काप सरळ काटकोनी कापापेक्षा तिरका. षटकोनाला 30 डिग्री, अष्टकोनाला साडेबावीस, पंचकोनाला 36. बऱ्याच कटिंग मशिनवर साडेबावीसला खटका असतो, तीसलाही काहींवर असतो, 36 ला मात्र नसतो, म्हणून पंचकोन सगळ्यात त्रास देतो. आणि हे काप अचूकच पाहिजेत कारण चूक साठत जाते. अष्टकोनात एकूण 16 काप, प्रत्येकात पाव डिग्री जरी एकाच बाजूला गेली तरी शेवटच्या सांध्याला 4 डिग्रीची फट पडते, आणि मग लोक तिथे भुसा आणि गोंद कालवून भरतात. पॉलिश केलं की ती जागा काळपट दिसतेच दिसते.

क्लॅम्पला समांतर तोंडं करून देतात ते ठोकळे, त्यांचा कोन काढायला वेगळी डोकेफोड नाही. पट्टी ज्या सेटिंगला कापली त्याच सेटिंगला, त्याच पट्टीच्या उरलेल्या तुकड्यातून ठोकळे कापायचे. अष्टकोनाची पट्टी साडेबावीसला कापली की तिच्या लांब टोकाला साडेसदुसष्ट डिग्रीचा कोन तयार होतो, आणि ठोकळ्याला नेमका तोच हवा असतो. म्हणजे मशीन थोडं चुकीचं लागलं असलं तरी ठोकळा पण तेवढाच चुकीचा निघतो आणि त्याचा उतार सांध्याला समांतरच राहतो. हे पहिल्यांदा लक्षात येतं ना तेव्हा माणूस खरंच खूश होतो. ठोकळ्याची उंची इंच-सव्वा इंच पुरते. लांब कड खाली, म्हणजे पट्टीच्या बाहेरच्या कडेवर बसवायची आणि उतार सांध्यापासून लांबच्या बाजूला तोंड करून ठेवायचा. दोन्ही पट्ट्यांवर असे ठोकळे बसले की दोन्ही उतार एकमेकांना आणि सांध्याच्या रेघेला समांतर होतात. झाली क्लॅम्पला हवी ती दोन तोंडं तयार.

पण ठोकळा कुठे बसवायचा हे कोणी सांगत नाही आणि सगळं बिघडतं ते इथेच. साहजिक वाटतं की कोपऱ्याच्या जितका जवळ तितका दाब चांगला. तसं नाहीये. ठोकळा कोपऱ्याला चिकटवून लावला तर दाबाची रेघ सांध्याच्या बाहेरूनच जाते, बाहेरचं टोक घट्ट आवळतं आणि आतली बाजू उघडते. म्हणून कागदावर दोन्ही पट्ट्या खऱ्या मापात काढा, सांध्याची रेघ काढा, तिच्या बरोबर मध्यावरून तिला काटकोनात दुसरी रेघ मारा आणि ती दोन्हीकडे लांबवा. ती रेघ पट्टीच्या बाहेरच्या कडेतून जिथे बाहेर पडते त्याच्या पुढे ठोकळा असा ठेवायचा की त्याच्या उताराचा मधला भाग त्या रेघेवर आला पाहिजे. 45 एमएम रुंदीची पट्टी असेल तर षटकोनात ती रेघ कोपऱ्यापासून 52 एमएमवर बाहेर पडते आणि अष्टकोनात जवळजवळ 64 एमएमवर. कोन जितका पसरट तितका ठोकळा मागे. कागदावर एकदा काढून बघा म्हणजे पाठ करायची गरजच पडणार नाही.

ठोकळे पट्टीला धरून ठेवायला जुनी पद्धत आहे कागदाची. ठोकळा आणि पट्टी यांच्या मध्ये वर्तमानपत्राचा तुकडा घालून दोन्हीकडून गोंद लावायचा आणि वाळू द्यायचा. दाब सहन करायला तो जोड पुरतो, आणि काम झालं की पटाशी लावून हलकी टिचकी मारली की कागद मधून फाटतो, लाकूड शाबूत. राहिलेला कागद ओल्या फडक्यानं पुसून पॉलिश पेपर मारला की खूणही राहत नाही. चकचकीत मॅगझिनचा कागद नको, त्यात गोंद मुरत नाही. आपला साधा पेपरच चांगला.

आता प्रत्यक्ष जिग, म्हणजे तुकडे जागेवर धरून ठेवणारा साचा. 18 एमएम प्लायचा दीड फूट बाय सव्वा फूट तुकडा घ्यायचा, टिंबर मार्केटमध्ये कुठल्याही वखारीत कापातला उरलेला तुकडा स्वस्तात मिळतो. त्याच्या मधोमध उभी रेघ मारायची, ही सांध्याची रेघ. तिच्या दोन्ही बाजूला तिला अगदी समांतर अशा दोन भिंती स्क्रूनं पक्क्या करायच्या, दोघींमध्ये साधारण दहा-अकरा इंच अंतर. या भिंती प्लायच्या पूर्ण उंचीच्या नकोत, वरच्या अर्ध्यातच ठेवायच्या, कारण पट्ट्यांचे पाय खालच्या अर्ध्यातून तिरके बाहेर जातात. भिंती सागवान किंवा बाभळीच्या करा, पाइनच्या केल्या तर पाचर ठोकताना दबतात. गोंद लावलेल्या पट्ट्या मधल्या रेघेवर सांधा येईल अशा ठेवायच्या, एका बाजूच्या ठोकळ्याचा उतार एका भिंतीला टेकवायचा, लागला तर मध्ये एखादी भरतीची पट्टी घालायची, आणि दुसऱ्या बाजूला भिंत आणि उतार यांच्या फटीत पाचरीची जोडी. इथे भिंती आणि पाचरच क्लॅम्पचं काम करतात, वेगळा क्लॅम्प एकही लागत नाही. कोन बदलला की फक्त ठोकळे बदलायचे, जिग तीच राहते, पंचकोन असो की बारा कोनांचं काही असो.

पाचरी दोन वेगळ्या करू नका, एकाच चौकोनी पट्टीला कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकं कापलं की जोडी तयार होते, आणि त्या एकमेकींवर सरकल्या तरी बाहेरच्या दोन कडा कायम समांतर राहतात. उतार साधारण आठास एक, म्हणजे पाचर 8 एमएम आत गेली की जोडीची जाडी 1 एमएमनं वाढते. एवढ्या उताराला पाचर आपोआप मागे सरकत नाही, घर्षणानं अडकून राहते. फार चढा उतार दिलात तर ठोकली की उसळते. हातोडीचे हलके ठोके द्यायचे, सांध्यातून गोंदाचे बारीक मणी सारख्या अंतरानं बाहेर आले की थांबायचं. त्यापुढे ठोकत राहिलं तर सगळा गोंद पिळून निघतो आणि सांधा उपाशी राहतो. प्लायवर सांध्याच्या बरोबर खाली इंच-दीड इंचाचं एक गोल भोक पाडून ठेवा, म्हणजे खालून पण मणी दिसतात आणि फडकं घालून पुसता येतं. बाकी प्लायवर पॅकिंगची चिकटपट्टी मारून घ्या नाहीतर मखर आणि जिग एकजीव होईल. पट्ट्या दाबानं वर उचलल्या जाऊ नयेत म्हणून वरून एक आडवी पट्टी स्क्रूनं दाबून ठेवायची, तिच्याही खाली चिकटपट्टी.

गोंदाबद्दल एक महत्त्वाचं. तिरक्या कापात लाकडातल्या उभ्या नळ्यांची टोकं उघडी पडतात, ती गोंद शोषून घेतात. म्हणून आधी पातळ हात फिरवायचा, पाचेक मिनिटं मुरू द्यायचा, मग दुसरा हात लावून जोडायचं. आणि रात्रभर हलवायचं नाही, श्रावणात तर त्याहून जास्त ठेवा, हवा दमट असली की पांढरा गोंद वाळायला वेळ घेतो. गणपतीचं काम पावसाळ्यातच असतं त्यामुळे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. लाकूड पावसात रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. पावसाळ्यात जोडलेली चौकट उन्हाळ्यात सुकली की पट्टी रुंदीत आकसते आणि तिरके सांधे आतल्या बाजूनं उघडायला लागतात. यात करणाऱ्याचा दोष नसतो, ते लाकडाचं चालणं आहे. त्यावर उपाय म्हणजे सांधा वाळल्यावर बाहेरच्या कोपऱ्यातून करवतीची एक खाच मारायची आणि त्यात पातळ लाकडाची चिरफळी गोंद लावून बसवायची, मग सहसा सुटत नाही. रुंद पट्ट्या टाळा, 45 च्या जागी 30 एमएमनं भागत असेल तर तेवढीच घ्या, आकसणंही तेवढंच कमी.

सगळे कोपरे एकदम जोडायचा मोह आवरा. अष्टकोनाचे दोन अर्धे भाग आधी वेगळे जोडायचे, प्रत्येकी चार पट्ट्या तीन सांधे. दोन्ही वाळले की समोरासमोर ठेवून बघायचं, शेवटच्या दोन सांध्यांत फट दिसली तर सपाट फळीवर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर अर्धा भाग घासून दोन्ही टोकं एका रेषेत आणायची. सगळी साठलेली चूक तिथे निघून जाते. मग शेवटचे दोन सांधे मात्र सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून बाहेरून ताणून गुंडाळून आवळायचे. सायकलवाला पंक्चर झालेली ट्यूब फुकट देतो. रबर सगळीकडून सारखं आत ओढतं, आणि सारख्या बाजूंच्या आकाराला हाच दाब बरोबर बसतो.

हे काही मी शोधलेलं नाही, आपल्याकडे बैलगाडीचं चाक असंच आवळलं जायचं. घेराचे वाकडे तुकडे, आरे, मधला तुंबा, सगळं सुतारानं नुसतं खाचेत बसवलेलं असायचं. मग लोखंडी धाव, म्हणजे चाकावरची गोल पट्टी, चाकापेक्षा किंचित लहान करून, भट्टीत लाल करून, गरम असताना फुगलेली ती चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचं. धाव थंड होताना आकसते आणि घेरावरचा प्रत्येक सांधा एकाच वेळी मध्याकडे आवळते. वाकड्या कोनाचा याच्याहून मोठा क्लॅम्प कुठला? आणि तो गावच्या सुतार-लोहारानं कुठलंही कॅटलॉग न बघता केलेला आहे. म्हणून आपल्या वाचकांना कोणी सांगितलं की हे काम महागड्या वस्तूशिवाय होत नाही तर मला वाईट वाटतं.

राग नाहीये माझा त्या लेखावर, पण काळजी वाटते. माझ्या ओळखीतली कॉलेजची पोरं मोबाइलवर बघून हौसेनं लाकूड आणतात, पहिला क्लॅम्प सटकला की आपल्याला जमत नाही म्हणून सोडून देतात. त्यांना हात नाहीत असं नाही, त्यांना कोणी जवळ बसवून दाखवलेलं नाही. 1937 साली वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली तेव्हा शिक्षण हस्तोद्योगातून द्यायचं हाच मुद्दा होता. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला तिथे मुलं प्रत्यक्ष काम करता करता गणित आणि विज्ञान शिकतात. असं शिकायला मिळणारी मुलं किती थोडी आहेत. साडेबावीस डिग्रीचा ठोकळा कापताना त्रिकोणमिती जशी डोक्यात बसते तशी ती फळ्यावर कधीच बसत नाही, हे मी माझ्या नातवाच्या बाबतीत डोळ्यांनी बघितलंय. नववीत आहे, भूमितीला घाबरायचा, आता स्वतः मला सांगतो की आजोबा, आतल्या कोनाचा अर्धा म्हणजे ठोकळ्याचा कोन.

तर संपादक साहेब, माझी मागणी छोटी आहे. गणपतीच्या आधीच्या कुठल्याही एका रविवारी पुरवणीच्या शेवटच्या पानावर तीन काटकोन त्रिकोण छापा. तिघांचाही पाया 150 एमएम, उभी बाजू पहिल्याची 62.1, दुसऱ्याची 86.6 आणि तिसऱ्याची 109. पहिल्यात पायाजवळ साडेबावीस आणि वरच्या टोकाला साडेसदुसष्ट, दुसऱ्यात 30 आणि 60, तिसऱ्यात 36 आणि 54. म्हणजे एकाच त्रिकोणात पट्टीच्या कापाचा कोन पण आला आणि ठोकळ्याचा पण. वाचक कात्रीनं कापतील, पुठ्ठ्यावर चिकटवतील आणि त्यावरून लाकडावर सरळ आखून घेतील. कोनमापक नसलेल्या माणसालाही जमेल, खेड्यातल्या शाळेतल्या मुलांनाही जमेल. छपाईत आकार थोडा लहान-मोठा झाला तरी काळजी नको, दोन्हीकडून सारखा बदलला तर कोन बदलत नाही. फक्त पान बसवताना चित्र एकाच बाजूनं ताणू नका, तेवढं त्या विभागाला आवर्जून सांगा.

आणखी एक विनंती, त्रिकोणांच्या रेघा अगदी बारीक छापा आणि आत जाहिरातीचा रंग भरू नका. जाड रेघेवरून कापलं तर ती रेघ आत धरायची की बाहेर यातच अर्धी डिग्री निघून जाते. आणि काटकोन बरोबर आहे का हे कळण्यासाठी शेजारी 100 एमएमचा एक चौकोन छापा, त्याचे दोन्ही कर्ण मोजून सारखे भरले की काटकोन बरोबर, आणि उभी-आडवी बाजू मोजून सारखी भरली की पान ताणलं गेलं नाही हे कळेल. त्रिकोणांचं चित्र खऱ्या मापात काढून या पत्रासोबत जोडलंय, त्यावरूनच छापलंत तरी चालेल.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त फिटर,
चिंचवड, पुणे